एक कागद, अनेक हात

आमच्या महाविद्यालयांतील लेखनाध्यापनात गेल्या दहापंधरा वर्षांत एका नव्या साधनाचा प्रवेश झाला आहे. आणि मार्च 2020 नंतर वर्ग बंद पडले, त्या काळात तर ते घरोघर जाऊन पोहोचले. या साधनास सर्वमान्य मराठी नाव अद्याप लाभलेले नाही. विद्यार्थी त्यास 'डॉक' म्हणतात. आम्ही या लेखापुरते त्यास 'सामाईक कागद' म्हणू. आंतरजालावर ठेवलेला एकच कागद. ज्यांस मुभा दिली असेल ते सर्व आपापल्या घरून, संगणकावरून अथवा मोबाइलवरून त्यावर लिहितात, आणि एकजण लिहीत असताच दुसऱ्या गावी बसलेल्या सोबत्यास ती अक्षरे उमटताना दिसतात. गूगल डॉक्स हे या जातीचे आमच्याकडील सर्वांत परिचित उदाहरण होय. त्याची स्तुती पुष्कळ झाली आहे, परंतु ती बहुतांशी परिपत्रकांच्या भाषेत झाली आहे: सहकार्य वाढते, कागद वाचतो, वेळ वाचतो. अशा गुणावलीने साधनाची परीक्षा होत नाही. लेखनाचे साधन म्हणून ते लिहिणाऱ्यास काय शिकविते आणि काय विसरावयास लाविते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापकाने विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखात तोच विचारण्याचा आमचा हेतू आहे. या साधनाच्या वापरात आमच्या हातून एक अन्याय घडला. त्याची हकीकत पुढे येईलच. वस्तुतः तीच या लेखाचे निमित्त आहे.

प्रथम साधनाची कुळकथा थोडक्यात सांगतो. दि. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी संगणकतज्ज्ञांच्या सभेपुढे सुमारे दीड तास एक प्रात्यक्षिक करून दाखविले. त्यात ते स्वतः आणि काही मैलांवरील मेन्लो पार्क येथे बसलेला त्यांचा सहकारी, असे दोघे एकाच पडद्यावरील मजकुरावर काम करीत असलेले सभेने पाहिले. कल्पना त्या काळच्या यंत्रांच्या मानाने फार पुढची होती. तीत एक मोठी अडचण अशी की, दोघांनी एकाच क्षणी फेरफार केल्यास यंत्राने काय करावे? समजा, एका ओळीत दहा शब्द आहेत. एक विद्यार्थी ओळीच्या आरंभी नवा शब्द घालतो. त्याच क्षणी दुसरा 'आठवा शब्द खोड' अशी आज्ञा देतो. पहिल्याचा शब्द आत आल्यामुळे मूळचा आठवा शब्द आता नववा झाला. यंत्राने दुसऱ्याची आज्ञा अक्षरशः पाळली, तर भलताच शब्द बळी जाईल. 1989 मध्ये एलिस व गिब्ज या दोन संशोधकांनी यावर तोड मांडली. आज्ञा आंधळेपणाने न पाळता, मध्यंतरी दुसऱ्याने काय केले ते पाहून ती बदलून घ्यावयाची, म्हणजे 'आठवा' याचा 'नववा' करावयाचा, असा तिचा मथितार्थ आहे. 2006 मध्ये गूगलने रायटली नावाचे एक लेखनसाधन विकत घेतले व त्यावरून गूगल डॉक्स उभे राहिले; अक्षर उमटताक्षणी ते सर्वांस दिसण्याची सोय त्यात 2010 मध्ये आली. आज अशा एका कागदावर एकाच वेळी 100 जण लिहू शकतात.

हे गणित मोठे सुंदर आहे. तथापि त्याची मर्यादा ध्यानात ठेविली पाहिजे. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळू द्यावयाचे नाहीत, एवढेच ते पाहते. दोघांचे विचार एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहणे यंत्राचे काम नव्हे. मग ते वर्गात कोणाचे काम आहे, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

आता गुणांकडे वळू. आमची पिढी ज्या शिस्तीत लिहावयास शिकली, तीत खाडाखोड हा दोष मानला जाई. निबंधाच्या वहीत पक्की प्रत उतरवावयाची आणि कच्चा खर्डा फाडून टाकावयाचा, हा परिपाठ होता. गुरुजींच्या लाल शाईचा शेरा येई तो लेखन संपल्यावर, म्हणजे त्याचा उपयोग सरल्यावर. विद्यार्थी आकडा तेवढा पाही व वही मिटून ठेवी. आपले वाक्य दुसऱ्यांदा लिहिले असता अधिक चांगले होऊ शकते, हा लेखनकलेतील पहिला पाठ. आणि तोच आमच्या परीक्षापद्धतीने कधी शिकविला नाही, कारण तीन तासांत दुसऱ्यांदा लिहावयास सवडच नसते. सामाईक कागदाने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. लेखन चालू असता समासात शेरा लिहिता येतो. एखादा फेरफार प्रत्यक्ष न करता तो सूचना म्हणून दाखविता येतो. लिहिणाऱ्यास पटला तर तो स्वीकारील, न पटला तर नाकारील. अध्यापकाची सूचना नाकारण्याचा अधिकार विद्यार्थ्यास मिळाला, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने आमच्या चार सूचनांपैकी तीन नाकारल्या, व दोन ठिकाणी तिचेच बरोबर होते.

दुसरा गुण याहून मोठा आहे. या कागदाला स्मरणशक्ती आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी काय लिहिले आणि काय खोडले, याचा इतिहास तो जपून ठेवितो, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या रंगात दाखवितो. पाठभेदांचे महत्त्व मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. लेखनिकांच्या हातून ज्ञानेश्वरीत अशुद्धे शिरली, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, तिची प्रत शुद्ध केली व यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेविले. मधल्या तीन शतकांत कोणत्या हाताने काय घातले, हे सांगणारा इतिहास त्यांच्यापुढे नव्हता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते 1966 मध्ये पुरे झाले. तेही अनेक हातांचेच काम होते. हस्तलिखिते मिळवावयाची, श्लोकामागून श्लोक ताडून पाहावयाचा, पाठभेद टिपावयाचे, असे ते पिढ्यानुपिढ्यांचे कष्ट. परंतु नुसती ताडणी म्हणजे चिकित्सा नव्हे. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्यासारख्या संपादकाची विवेकबुद्धी त्या टिपणांवर चालली, तेव्हा त्यांतून ग्रंथ सिद्ध झाला. पाठ कोणता, हे टिपण सांगते. तो का घ्यावा, हे माणसास ठरवावे लागते. सामाईक कागदाच्या इतिहासासंबंधीही हाच भेद पाळावयास हवा होता. आम्ही तो पाळला नाही.

दोषांचा विचार करता प्रथम जो दोष डोळ्यांत भरतो, तो आवाजाचा अभाव होय. पाचजणांनी मिळून लिहिलेला निबंध वाचावयास घ्यावा. पहिला परिच्छेद ग्रांथिक, दुसरा वर्तमानपत्री, तिसरा कोठून तरी उतरविलेला. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली आणि मधली एक पायरी कोणीच न सांगितलेली, कारण ती दुसऱ्याने सांगितली असेल अशी प्रत्येकाची समजूत. काम वाटून घेतले जाते, लेखन वाटून घेता येत नाही. गोधडी चिंध्यांचीच असते हे खरे. पण तिलाही सगळीकडे सारखा टाका घालणारी एक बाई असते. सामाईक कागदावर चिंध्या पुष्कळ जमतात, टाका घालणारी कोणी नसते.

दुसरा दोष सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते अधिक गंभीर आहे. लेखनाच्या आरंभी माणसास एकांत लागतो. पहिले वाक्य बहुधा वाईट असते. ते वाईट असण्याची मुभा असली, तरच पुढचे चांगले येते. सामाईक कागदावर प्रत्येक अक्षर जन्मतःच चारचौघांत येते. आपण शब्दासाठी अडलो असता सोबत्याची रंगीत खूण, तिच्यावर त्याचे नाव, शेजारी येऊन लुकलुकत उभी राहते. आम्ही स्वतः एखाद्या गटाचा कागद उघडला की पाचही खुणा जागच्या जागी थबकत. वर्गात आवाज चढलेला असता अध्यापक दारात उभा राहावा, तसे होई. ज्यांस खात्याची ओळख न देता आत येता येत असे, ते तसे येत. मग यंत्र त्यांस एखाद्या प्राण्याचे नाव देई, आणि कागदावर कोणी अनामिक श्वापद फिरताना दिसे. आम्ही प्रथम यास थट्टा समजलो. पुढे ध्यानात आले की, संकोची मुले खरा खर्डा वहीत करितात आणि धुऊनपुसून शुद्ध झालेला मजकूर तेवढा येथे आणून चिकटवितात. म्हणजे जे पाहावयास मिळावे म्हणून आम्ही या कागदाची निवड केली, ते आमच्या पाहण्यामुळेच नाहीसे झाले.

तिसरा दोष साधनाचा की आमचा, हे वाचकांनीच ठरवावे. दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही 60 विद्यार्थ्यांचे पाचपाचांचे 12 गट पाडले व 'आमच्या भागातील पाणी' हा विषय दिला. आमचे महाविद्यालय खानदेशात आहे. एका गटाने फड पद्धतीवर लिहावयाचे ठरविले. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर जुने बंधारे आहेत; त्यांचे पाणी पाटाने शेतांकडे नेतात. पाण्याखालची जमीन फडांत विभागलेली असते, आणि एका फडातील सर्व शेतकऱ्यांनी त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे असते. त्यामुळे सर्वांची गरज सारखी राहते व पाणी पाळीने देता येते. पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्याने करावयाचे नाही. ते गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करावयाचे. पीक राखावयास जागल्या असतो. निबंध उत्तम उतरला होता. पाटकरी रात्री पाळी बदलतो कशी, भांडण कोठे उपस्थित होते आणि ते बांधावरच कसे मिटते, हा भाग तर डोळ्यांपुढे उभा राहत होता.

गुण देताना आम्ही इतिहास उघडला. बहुतेक सारा कागद एका मुलीच्या रंगात होता, बाकी तिघांचे थोडेथोडे परिच्छेद होते, आणि पाचव्याच्या, एका मुलाच्या, नावावर दोन ओळी होत्या. आम्ही न्यायबुद्धीने वागलो असे आम्हांस वाटले. 20 पैकी मुलीस 17 व त्या मुलास 6 गुण देऊन मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्या खोलीत आली. "सर, गुण चुकलेत," ती म्हणाली. आम्हांस वाटले, तिला स्वतःचे वाढवून हवे असतील. "माझे नाहीत, त्याचे चुकलेत. तो भाग त्याचाच आहे. मी फक्त टाइप केलं."

हकीकत अशी होती. त्या मुलाच्या घरी मोबाइल एकच, आणि तो थोरला भाऊ कामावर घेऊन जाई. संगणक नव्हताच. त्याचे आजोबा पाटकरी होते. महाविद्यालय सुटल्यावर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून तो सांगे, आणि ती आपल्या मोबाइलवर लिही. पाळी, पाट, जागल्या, बांधावरचे भांडण हे सारे त्याच्या तोंडचे होते. याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. लेख तयार झाल्यावर त्याने तो एकदा ऐकला आणि आरंभीचे पानभर प्रास्ताविक काढून टाकावयास लाविले. "हे कुठेही लिहिलेलं असतं, आपलं इथून सुरू होतं," असे तो म्हणाला. त्या निबंधातील सर्वांत चांगली दुरुस्ती तीच होती. इतिहासात तीही मुलीच्या रंगात नोंदली गेली होती.

गुण आम्ही त्याच दिवशी बदलले. परंतु आमच्या मनास लागून राहिली ती निराळी गोष्ट. तो मुलगा आमच्याकडे आला नव्हता. पुढे आम्ही त्यास बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, माझं नाव तिथं नव्हतंच ना." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. यंत्राच्या नोंदीत नाव नाही, म्हणजे काम नाही, हे त्याने मुकाट्याने मान्य केले होते. आणि ते त्यास पटविण्याच्या कामी आमचा मोठा हात होता. आम्ही जन्मभर मौखिक परंपरेचे गोडवे गात वर्गात उभे राहिलो, आणि मौखिक परंपरा वर्गात येऊन बसली तेव्हा तिला 6 गुण दिले.

या चुकीचे मूळ उघड आहे. सामाईक कागद हाताची नोंद ठेवितो, डोक्याची नव्हे. कोणी टंकलेखन केले हे तो बिनचूक सांगतो. कोणास सुचले, कोणी सांगितले, कोणी 'हे काढा' म्हटले, हे त्यास ठाऊक नसते. आणि नोंद इतकी सुबक, इतकी रंगीत व इतकी मिनिटाबरहुकूम असते की, ती पुरी आहे अशी समजूत करून घेण्याचा मोह होतो. अपुऱ्या पुराव्याहून पुरा भासणारा अपुरा पुरावा अधिक घातक असतो.

आज हा मोह आणखी बळावला आहे. 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी हे यंत्र लोकांपुढे आले, आणि विद्यार्थ्याने आणलेला निबंध त्याचा स्वतःचा की यंत्राने रचलेला, ही शंका प्रत्येक अध्यापकाच्या मनात घर करून बसली. त्यावर कित्येक अध्यापकांनी असा उपाय काढला आहे की, सर्व लेखन सामाईक कागदावरच करावयाचे, म्हणजे इतिहास पाहून चोर ओळखता येईल. आमच्या मते हा उपाय कुचकामाचा आहे व अन्यायाचाही आहे. जो विद्यार्थी वहीत तीन वेळा लिहून शेवटची प्रत एका बैठकीत उतरवितो, त्याचा इतिहास कोरा दिसतो आणि तो चोर ठरतो. जो दुसऱ्या पडद्यावरील यंत्ररचित मजकूर पाहून सावकाश, मधूनमधून खोडीत, टंकित बसतो, त्याचा इतिहास श्रमांनी भरलेला दिसतो आणि तो साव ठरतो. शिवाय, आपले प्रत्येक अक्षर उद्या पुरावा म्हणून मांडले जाणार आहे हे ज्यास ठाऊक आहे, तो धीटपणे काय लिहील? खाडाखोड दोष नव्हे हे शिकविण्याकरिता जे साधन आणले, त्यातच आता खाडाखोडीची हजेरी मांडली जाणार, हे विपरीत आहे.

मग हे साधन टाकून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. समासातील शेरा, नाकारता येणारी सूचना, न फाडला जाणारा खर्डा हे त्याचे लाभ खरे आहेत, आणि ते पूर्वीच्या वहीत नव्हते. फक्त त्याचा वापर कोणत्या क्रमाने करावा, हे ठरविले पाहिजे. या बाबतीत त्या मुलांच्या निबंधानेच आम्हांस धडा दिला. फडातील पाणी सामाईक असते. म्हणून सर्वांनी एकदम पाटावर धाव घ्यावयाची नसते. पाळी ठरलेली असते, आणि पाणी सोडणारा एक असतो.

तदनुसार आम्ही वर्गात असा क्रम ठेविला आहे. पहिला खर्डा प्रत्येकाने एकट्याने, आपल्या वहीत वा मनास येईल तेथे करावयाचा. तो कोणी पाहावयाचा नाही. नंतर सर्वांनी आपापले लेखन सामाईक कागदावर आणावयाचे, व तेथे परस्परांस शेरे आणि सूचना द्यावयाच्या. त्या मुदतीत आम्ही तो कागद उघडीत नाही. कोणत्या दिवशी उघडणार, ते आधी सांगतो. तिसऱ्या पायरीस गटातील एकाने संपादक व्हावयाचे. सारा निबंध एका आवाजात आणण्याची जबाबदारी त्याची, आणि पुढच्या निबंधास ती पाळी दुसऱ्याची. निबंधाच्या शेवटी गटाने एक परिच्छेद जोडावयाचा: माहिती कोणी सांगितली, कोणी लिहिली, कोणी काय काढावयास लाविले. शेवटी प्रत्येक गटाने दहा मिनिटे आमच्यासमोर बसून आपल्या लेखाविषयी बोलावयाचे. 12 गटांस दोन तास लागतात. इतका वेळ कोठून आणावा, असे आमचे सहाध्यायी विचारतात. निमूटपणे इतिहास उघडून रंग मोजण्यास आम्हांस त्या वर्षी याहून अधिक वेळ लागला होता, एवढेच आमचे उत्तर आहे.

या क्रमातही दोष असतील. संपादक झालेला विद्यार्थी कधी दुसऱ्याचे चांगले वाक्यही पुसून टाकतो. शेवटच्या परिच्छेदात मैत्रीखातर खोटे श्रेय दिले जाते. परंतु दहा मिनिटांच्या बोलण्यात खोटे श्रेय फार वेळ टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. ज्याने विचार केलेला असतो, तो बोलू लागला की बाकीचे त्याच्याकडे पाहू लागतात, आणि कागदात जे दिसत नाही ते त्या पाहण्यात दिसते.

हे मासिक ज्या घरांतून वाचले जाते, तेथे मुलामुलींस वेगळा संगणक, निदान वेगळा मोबाइल असतो. त्यांचे नाव सामाईक कागदाच्या इतिहासात ठळक रंगात उमटेल, व त्यांचे वडीलधारे तो इतिहास कौतुकाने पाहतील. कौतुक अवश्य करावे. मात्र एकदा मुलास हेही विचारावे की, तुमच्या गटात ज्याचा रंग दिसत नाही, त्याने काय केले? आम्ही हा प्रश्न वेळेवर विचारला असता, तर एका पाटकऱ्याच्या नातवाची आम्हांस क्षमा मागावी लागली नसती.